ताकद वाढवायची की आवरायची?

आमच्या गल्लीतल्या अक्कांच्या धाकट्या मुलाला टीबी झालाय, तोही मेंदूच्या आवरणाचा. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्यांबरोबर स्टिरॉइड सुरू केलं, आणि नात्यातल्या कुणीतरी अक्कांना सांगितलं की स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते. विडीची पानं कातरता कातरता त्यांनी मला विचारलं, "तू जंतूंचंच शिकलीस ना गं? आधीच पोराच्या अंगात जीव नाही, त्यात ताकद कमी करायचं औषध का द्यायलालेत?"

मी रोज ज्या विषयावर काम करते त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. दारात उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

टीबीच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. त्याच वर्षी इटलीतल्या मेसिना इथं एली मेच्निकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. अळीच्या अंगातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. बाहेरून आलेलं काही गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात ही कल्पना तिथून रुजली. आपल्या फुप्फुसात हे काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. जंतू गिळायचा, त्याला एका पिशवीत कोंडायचं, पिशवीतलं आम्ल वाढवायचं आणि पाचक रसांनी त्याचा फडशा पाडायचा. बहुतेक जंतू यात संपतात. टीबीचा जंतू मात्र त्या पिशवीत पाचक रस पोहोचूच देत नाही, आणि जी पेशी त्याला मारायला आली तिच्याच पोटात घर करून राहतो. वाढतोही अगदी सावकाश. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण वीस तास लागतात. महिनोन् महिने गोळ्या घ्याव्या लागतात त्यामागं हा संथपणा आणि हे लपून बसणं, दोन्ही आहेत.

खऱ्या टीबीच्या जंतूवर काम करायचं तर विशेष बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. आम्ही त्याचा निरुपद्रवी भाऊबंद वापरतो, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. तो तीन-चार तासांत दुप्पट होतो, आणि तीन दिवसांत प्लेटवर त्याच्या खरबरीत, सुरकुतलेल्या वसाहती दिसतात. मॅक्रोफेजसाठी टीएचपी-१ नावाच्या पेशी वापरतो. रक्ताचा कर्करोग झालेल्या, जेमतेम एक वर्षाच्या एका जपानी मुलाच्या रक्तातून त्या वेगळ्या केल्या गेल्या, आणि १९८० साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढताहेत. फ्लास्क हातात घेतला की त्या बाळाची आठवण मला हमखास येते.

या पेशी लालसर द्रवात गोल गोल तरंगत असतात. त्यात एक ठरावीक रसायन घातलं की दोन-तीन दिवसांत त्या तळाला चिकटतात, पसरतात, पाय फुटल्यासारख्या दिसायला लागतात. मग त्यांना जंतू द्यायचे, बाहेर उरलेले धुऊन टाकायचे, आणि पेशींनी आसपासच्या द्रवात काय काय सोडलं ते मोजायचं. मी मोजते ते टीएनएफ नावाचं प्रथिन. धोका दिसला की मॅक्रोफेज ते सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना जागं करतात. तो द्रव ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घेऊन तपासायचा; त्यात शेवटचं रसायन पडलं की खळगे हळूहळू निळे होतात. त्यात आम्लाचा थेंब टाकला की निळा रंग क्षणात पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितकं टीएनएफ जास्त. नुसत्या पेशींचा खळगा फिकट, जंतू दिलेल्यांचा हळदीसारखा. कितीही वेळा पाहिलं तरी तो बदल बघायला मी प्लेटवर वाकतेच.

हा पिवळा रंग जितका गडद तितकं चांगलं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही.

टीएनएफ कमी पडलं तर काय होतं ते माणसांतच दिसलं. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आलं, आणि २००१ साली ते घेणाऱ्या रुग्णांपैकी ७० जणांना टीबी झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अनेकांच्या अंगात तो आधीपासून दबून होता, तो उसळला. टीएनएफ जास्त झालं तर काय होतं ते झेब्राफिश या इवल्या माशांत दिसलं. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटानं हे काम केलंय. या माशांची पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळं आत काय चाललंय ते जिवंतपणीच पाहता येतं. टीबीच्या जवळच्या एका जंतूचा संसर्ग देऊन त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की टीएनएफ फाजील झालं की मॅक्रोफेज आतले जंतू मारतं खरं, पण त्याच माऱ्यात स्वतःही फुटतं. उरलेले जंतू मोकळे होतात आणि बाहेर बेफाम वाढतात. टीएनएफ कमी असलं तरी शेवट हाच: पेशी जंतूंनी भरते आणि फुटते.

आमच्या मागांच्या पूर्व भागात हे समजायला अवघड जाऊ नये. मागावर ताणा सैल पडला तर कापड बिघडतं आणि फार आवळला तर धागाच तुटतो.

मेंदूच्या आवरणात टीबी झाला की अडचण आणखी वाढते, कारण कवटीत सूज यायला जागाच नसते. मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्यात जंतूंइतकाच आपल्या सुजेचाही हात असतो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. टीबीच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेल्यांपैकी नऊ महिन्यांत सुमारे ३२ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के. वाचलेल्यांमधलं गंभीर अपंगत्व कमी झालं असं मात्र दिसलं नाही. अक्कांना मी एवढंच सांगितलं की गोळ्या जंतूला मारतात, स्टिरॉइड सूज आवरतं, आणि दोन्ही डॉक्टर सांगतील तोवर, सांगतील तसंच द्यायचं. मनानं स्टिरॉइड घेणं किंवा सुरू असलेलं एकदम बंद करणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं.

आता राहिली ताकद वाढवण्याची गोष्ट. 'इम्युनिटी बूस्टर' असं छापलेले डबे आमच्या गल्लीतल्या दुकानातसुद्धा दिसतात, आणि विडीच्या मजुरीतून त्यावर खर्च होताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. टीबीबाबत ज्याचा पुरावा आहे ते आहे पोटभर जेवण. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटानं टीबी रुग्णांच्या घरच्यांना माणशी महिना पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत घरच्यांना असं धान्य मिळालं नाही त्यांच्या तुलनेत या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. हे २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उपाशी शरीराला प्रतिकार नीट उभाही करता येत नाही आणि वेळेवर आवरताही येत नाही, असं मला वाटतं.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर एक काम लगेच करा. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे. रुग्णाची निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद झाली का आणि बँक खातं जोडलं गेलं का, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी त्याच फेरीत उरकून घ्या, खोकला नसला तरी.