फदफदं

श्रावण, रविवार. रात्री साडेदहा.

दुपारी वाढताना "अळूचं फदफदं" म्हटलं आणि पानावर हसू फुटलं. धाकटी तर घास हातात धरूनच सुटली. फदफद, फदफद, फदफद, वीसपंचवीस वेळा तरी. तेही एक वेळ चाललं असतं. पण कुणीतरी सांभाळून घेतलं, "अळूची पातळ भाजी म्हणायचंय." बाकी कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. मला मात्र अजून टोचतंय.

पातळ भाजी म्हणायचं नव्हतं मला. पातळ भाजी पालकाची होते, मेथीची होते, चाकवताची होते. फदफदं अळूचंच. कुठे फतफतं म्हणतात, पण धातू तोच, पातेल्यातला आवाज. ओठ मिटायचे, फ मागे हवा दाबून धरायची आणि एकदम सोडायची, द ला जीभ दातांच्या मागे टेकवायची. दाट ऐवज शिजताना पातेल्यात हेच होत असतं. वाफ तळाशी अडते, वरचा थर फुगतो, फुटतो, पुन्हा बसतो. तोंड आणि पातेलं एकच काम करतात, म्हणून तो शब्द म्हणायला गंमत वाटते. हसण्याचं कारण ते असेल तर माझी काही तक्रार नाही.

पण धाकटी म्हणत होती तो फ तो नव्हताच. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, फॅनमधल्यासारखा. त्यात हवा नुसती निसटत राहते. काही फुटत नाही. फळ, फूल, फणस, सगळ्यांचा फ आता तसाच ऐकू येतो. पण फणस दातांनी म्हटला तरी फणसच राहतो. फदफदचं तसं नाही. त्या शब्दाचा अर्थच आवाजात आहे.

हे त्यांना तिथेच सांगायला हवं होतं का? पानावर बसून ओठ आणि दात समजावणार कोण.

ओट्याकडे पाठ असली तरी स्वयंपाक कळतो तो या आवाजांवरून. आधणाचं पाणी आधी बारीक सूं करतं, मग खळखळतं. आमटी रटरटते. मऊभात खदखदतो. मोहरी तडतडते आणि वरून भाजी पडली की चर्र होतं. हे शब्द वर्णनाला म्हणून ठेवलेले नाहीत, आच केव्हा बदलायची ते सांगतात. खळखळ असेपर्यंत मोठी आच चालते. रटरट सुरू झाली की मध्यम, झाकण किलकिलं. फदफद ऐकू आली की लगेच बारीक, कारण दाट पदार्थ पाण्यासारखा खालीवर फिरत नाही, उष्णता तळाशीच कोंडते, बुडाला लागतो आणि वरून मनगटावर उडतो. तो चटका ज्याला बसलाय तो या शब्दाला हसणार नाही.

पातळ भाजी म्हटलं की हे सगळं गळून पडतं. पातळ म्हणजे किती, हेही कळत नाही.

आजचं किती होतं ते लिहून ठेवते. भाजीच्या अळूची दहाबारा पानं, वडीचं जाड काळ्या देठाचं नव्हे. हाताला तेल चोळून देठ सोलायचे, कारण अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात आणि खाज त्यांचीच. पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे दोनतीन तास भिजवलेले, अळूबरोबर कुकरमध्ये पण वेगळ्या भांड्यात. शिजलेली पानं आणि देठ गरम असतानाच रवीने घोटायचे. गार झाल्यावर घोटलं तर देठाचे धागे राहतात. मग दोन मोठे चमचे बेसन गार पाण्यात कालवून आळण लावायचं. गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या ठरलेल्या. लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या. चिंचेत हात आखडायचा नाही. घसा खवखवला तर पान तरी कच्चं राहिलं किंवा आंबट तरी कमी पडलं. शेवटी मेथीदाण्याची फोडणी आणि आळणाचा कच्चा वास जाईपर्यंत सात-आठ मिनिटं बारीक आचेवर. ती सात-आठ मिनिटं म्हणजेच फदफदं. तेवढ्या वेळाचं नाव त्या पदार्थाला मिळालंय, आणि ते पानावर हसण्यावारी गेलं.

खरं तर या भाषेत असे शब्द डबे भरून आहेत. गुळगुळीत दगड वेगळा, तुळतुळीत टक्कल वेगळं, सुळसुळीत साडी वेगळी. इंग्रजीतला एकच 'स्मूथ' या तिघांवर पांघरला की तिघंही दिसेनासे होतात. ओल्या हाताने चिरलेली भेंडी बुळबुळीत होते, म्हणून ती धुऊन कोरडी पुसून चिरायची, झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी. जास्त पिकलेली पपई लिबलिबीत. मीठ-मसाला नसलेली भाजी मिळमिळीत आणि वर पाणीही सुटलं असेल तर पचपचीत. लुसलुस, खुसखुस, घसघस हे सगळे स चे, पण ईत लागला की लुसलुशीत, खुसखुशीत, घसघशीत. ई समोर दिसली की स चा आपोआप श होतो, जसं म्हैस आणि म्हशी. शाळेत जायच्या आधीच पोरं हे बिनचूक म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८३१ च्या आणि वाढवलेल्या १८५७ च्याही, असे अनुकरणाचे शब्द मान देऊन नोंदलेले आहेत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला ते टिपून ठेवावेसे वाटले. आणि आपल्याच पानावर

जाऊ दे.

संध्याकाळी धाकटी गच्चीत दोरीवरच्या उड्या मारत काहीतरी म्हणत होती. नीट ऐकलं. "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." र ला जिभेचं टोक हिरडीपाशी थरथरतं, ळ ला तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि सुटतं. एका शब्दात दोन्ही करायचं, तेही पुन्हा पुन्हा, म्हणून बोबडी वळते. खरी अडचण शेवटी आहे, मिसळले. ळ मागोमाग लगेच ल. तिथे मिसलले तरी होतं किंवा मिसळळे. तिचं मिसळळे होत होतं. दोनदोन शब्द सुटे घोटायचे, मिसळ आणि ले वेगळं म्हणायचं, मग जोडायचं. सातव्या-आठव्या वेळेला तिला जमलं, न सांगताच.

राळे म्हणजे बारीक दाण्याचं एक भरडधान्य, ते तिला माहीत नाही. सोलापूरकडे भोगीला राळ्याचा भात अजून करतात, पण बाकी कितीतरी घरांतून तो गेलाच होता. शब्द तेवढा राहिला, आणि राहिला तो या वेड्यावाकड्या ओळीमुळे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, दुकानात राळ्याची पाकिटं दिसायला लागली, तेव्हा ते नाव कुणाला नव्याने शिकवावं लागलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी अर्थाशिवाय, निव्वळ जीभ अडखळते म्हणून ते तोंडात ठेवलं होतं. पातेल्यातून गेलं तरी तोंडातून गेलं नाही.

मग दुपारचं ते हसणंही तसंच असेल का? वीसपंचवीस वेळा म्हटलं तिने. मी एका जेवणात एकदाच म्हणते. चुकीच्या फ ने का होईना, आज या घरात तो शब्द सगळ्यात जास्त तिनेच उच्चारला. आणि पातळ भाजी असं ती एकदाही म्हणाली नाही. दुसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा वाटी पुढे करून म्हणाली, "अजून फदफदं."

हे दुपारी कानावर पडलं होतं, पण मी टोचणी घेऊन बसले होते.

अर्धं पातेलं उरलंय. बेसनामुळे रात्रीतून घट्ट बसेल. सकाळी अर्धी वाटी कडकडीत पाणी आधी घालायचं, हलवायचं आणि मगच गॅस लावायचा. बसलेलं तसंच आचेवर ठेवलं तर बूड धरतं. पाचेक मिनिटांत आवाज सुरू होईल. धाकटीला उठवून ओट्याशी उभं करायचंय, जरा लांब, उडतं म्हणून. ओठ मिटून म्हणायचं, एवढंच सांगेन.