तुम्ही विचारलंत म्हणून: आता स्टेंट कशाला?

"कॅन्सर पसरलाय, ऑपरेशन होणार नाही म्हणता. मग आता स्टेंट कशाला, डॉक्टर? उगाच त्यांना त्रास." अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक मला दाराबाहेर गाठून हळू आवाजात हे विचारतात. मायेपोटीच विचारतात.

मी त्यांना पेशंटच्या हातातला रुमाल बघायला सांगते. तो ओला असतो. आधी घट्ट अन्न अडकतं, मग मऊ, मग पाणी, आणि शेवटी स्वतःची लाळसुद्धा खाली उतरत नाही. ती सारखी थुंकावी लागते. रात्री आडवं झालं की तीच श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो, झोप उडते. त्यात घरचे "दोन घास तरी खा" म्हणून मागे लागलेले.

स्टेंट म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारेची विणलेली नळी. दुर्बिणीच्या मदतीनं, बहुतेकदा एक्स-रेच्या पडद्यावर बघत, ती मिटलेली असतानाच गाठीच्या अरुंद जागेत नेऊन सोडतो. मग ती आपोआप फुलते. पूर्ण उघडायला एक-दोन दिवस लागतात. तोवर छातीत दुखतं, काहींना खूपच. अशा वेळी वेदनाशामक मागून घ्या, सोसत बसू नका. गाठ मात्र आहे तिथेच राहते. स्टेंटनं आयुष्य वाढेल असं मी कुणालाही सांगत नाही.

पुढेही जपावं लागतं. स्टेंट सरकू शकतो, गाठ वाढून पुन्हा वाट अडवू शकते, न चावलेला घास अडकू शकतो, क्वचित रक्तस्रावही होतो. जठराच्या तोंडाशी बसवला असेल तर आम्ल वर येतं. उशाकडची बाजू उंच ठेवावी लागते. पाणी अजून उतरत असेल आणि हाताशी काही महिने असतील, तर आतून रेडिएशन द्यायचा, म्हणजे ब्रॅकीथेरपीचा विचार जरूर व्हावा. तिचा गुण उशिरा येतो, पण जास्त टिकतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडलं असेल, तर आवरण असलेला स्टेंटच ते झाकतो. तिथे मी आग्रह धरते.

आणि हा प्रश्न दाराबाहेर नको, आत विचारा. एका आजोबांना मी हे सगळं, धोक्यांसकट, समजावून सांगितलं होतं. त्यांनी रुमाल तोंडावरून बाजूला केला आणि एवढंच विचारलं, "पाणी पिता येईल?"

बहुतेक येईल, म्हटलं.

"मग टाका."