नॉब शून्यावर, तरी घुंऽऽ

व्हॉल्यूम शून्यावर, इनपुट शॉर्ट केलेलं, तरी स्पीकर घुंऽऽ करतोय. आज टेबलावर एलएम३८८६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचा असाच एक घरगुती अ‍ॅम्प्लिफायर होता. शेजारून सल्ला आलाच: "अहो, मोठा कपॅसिटर टाका, जाईल."

पॉवर सप्लायच्या दोन्ही कपॅसिटरना ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० टाकले. घरघर तसूभर कमी नाही, उलट जरा जास्तच करकरीत.

होणारच. एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर कपॅसिटरला सलग करंट देत नाही, सेकंदाला १०० झटके देतो. कपॅसिटर जितका मोठा, तितके झटके अरुंद आणि उंच. इनपुटचं ग्राउंड ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली तार) ते कपॅसिटर या वाटेवर कुठेही जोडलं, की त्या तारेवर पडणारे मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात आणि वीसेक पट होऊन बाहेर येतात.

दोन्ही कपॅसिटर जिथे एकत्र येतात तिथून एक आखूड, जाड वायर काढायची आणि तिच्या टोकाला स्टार ग्राउंड, म्हणजे सगळी ग्राउंड एकाच बिंदूवर, करायचं. स्पीकरची परतीची वायर आणि सिग्नल ग्राउंड तिथे वेगवेगळ्या तारांनी. बस्स! (इनपुट शॉर्ट केल्यावर आवाज गेला असता, तर संशय बाहेरच्या केबलवर.)

वायरिंग बदललं की पहिल्यांदा मेन्सच्या वायरमध्ये ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच चालू करा; कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट अडवतो. आउटपुटला डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत दिसल्याशिवाय स्पीकर जोडू नका.

हे सगळं ठीक, पण फिलामेंटचा ६० वॉटचा बल्ब हल्ली नक्की कुठल्या दुकानात मिळतो? एलईडी इथे चालत नाही.