उन्हाळ्यात तिकिटं कोण घेतं?

मेअखेरीस आमच्या इथल्या टपाल तिकीटसंग्राहक मंडळाच्या चिटणीसबाईंचा निरोप आला : आता सप्टेंबरात भेटू. जून, जुलै, ऑगस्ट मंडळ बंद. हॉल मिळत नाही असं नाही, कुणी आजारी आहे असंही नाही. ऊन पडलंय, एवढंच कारण. लीड्सला येऊन बराच काळ लोटला, पण ही सुट्टी अजूनही माझ्या डोक्यात जाते.

आपल्याकडे मे महिना हाच तिकिटांचा हंगाम. दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून घरात अल्बम पसरायचा, आणि तोही पंखा बंद करून घामाघूम होत, नाहीतर अख्खा संच खोलीभर उडतो. जूनमध्ये पहिली सर आली की अल्बम कपाटात उभे. दमट हवेत कोऱ्या तिकिटाचा डिंक सुटतो, तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तांबूस ठिपके उमटतात. त्यामुळे पावसाळ्यात खरेदी केलीच तर वापरलेल्या तिकिटांची. डिंकच नाही तर चिकटणार काय? मग ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की पुन्हा सुरुवात. टपाल सप्ताह ऑक्टोबरातला, पाठोपाठ 14 नोव्हेंबरला बालदिनाचं तिकीट. कुणी ठरवून केलं नसेल, पण वेळ अगदी जुळून येते.

इथे सगळं उलट. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, बागेत करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा मंडळी चिमटा आणि भिंग बाहेर काढतात. बहुतेक मंडळांचं वर्ष सप्टेंबर ते मे. लंडनचं मोठं प्रदर्शन ‘स्टॅम्पेक्स’सुद्धा वर्षानुवर्षं इस्लिंग्टनला वसंतात आणि शरदात भरत असे, भर उन्हाळ्यात नाही. मंडळातले एक आजोबा जानेवारीत एका तिकिटाच्या कडेच्या दात्यांवरून तासभर वाद घालतात. तेच जूनमध्ये रस्त्यात भेटले तर टोमॅटोच्या रोपांखेरीज दुसरं बोलत नाहीत. छंदाला असं ऋतूप्रमाणे टांगून ठेवणं मला जमत नाही. आम्ही घाम गाळून जमवलीत तिकिटं!

बरं, थंडीत घेतात तर घेऊ देत. पण उजेडाचं काय? जुन्या तिकिटांचा निम्मा खेळ रंगछटांचा. पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट 1840 चं, आणि पुढच्याच वर्षी ते लाल केलं, कारण काळ्यावर लाल शिक्का नीट दिसेना आणि लोक तो पुसून तिकीट पुन्हा वापरत. त्या पेनी रेडच्या पुढे इतक्या छटा निघाल्या की विटकरी, गुलाबी आणि तपकिरी यांत फरक करायला चांगला डोळा लागतो आणि दिवसाचा उजेड लागतो. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात दोन वेगळ्या छटा सख्ख्या बहिणी वाटतात. आणि ही मंडळी नेमकी डिसेंबरच्या रात्री, टेबललॅम्पखाली नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर लिलावातली बोली वाढवत बसतात! जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, तेव्हा कुणाला रंग पाहायची इच्छा होत नाही. मी हे मंडळात बोलून दाखवलं. चिटणीसबाई हसल्या आणि म्हणाल्या, उजेड असताना घरात कोण बसतं?

एक मात्र मानलं पाहिजे, नाताळची तिकिटं. इथली पहिली नाताळची तिकिटं 1966 ची, आणि चित्रं लहान मुलांच्या स्पर्धेतून निवडलेली. त्यातलं एक सहा वर्षांच्या तस्वीर शेम्झाचं. तिचे वडील चित्रकार अन्वर जलाल शेम्झा, जन्म सिमल्याचा. दर डिसेंबरात हे मी मंडळात सांगतो, कुणी विचारो न विचारो.

उन्हाळ्यात मी गप्प बसत नाही. रविवारी सकाळी मैदानावर लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात, त्यात आजोबांचे अल्बम असतात. घर रिकामं करायची घाई असते आणि घेणारे संग्राहक बागेत असतात. साहजिकच भाव पडतो. बायको म्हणते, थंडीत पैसे घालवतोस आणि उन्हाळ्यातही. तिला हिशेब सांगून झालाय : 1971 नंतरची, नव्या पैशांतली कोरी चित्रतिकिटं आजही पत्राला चालतात. 2023 पासून बारकोड नसलेली साधी, नुसत्या राणीच्या चेहऱ्याची तिकिटं बाद झाली, पण चित्रांची आणि नाताळची त्यातून वगळली. आणि पहिल्या वर्गाचं पत्र एप्रिल 2025 मध्येच 1.70 पौंडांचं झालं. जुनी चित्रतिकिटं छापील किमतीपेक्षा कमी भावात मिळतात. दोन-तीन मिळून टपालखर्च भागतो, नाहीच जमलं तर अल्बममध्ये राहतात. यात नुकसान कुठे आहे?

इथल्या थंडीतही कोऱ्या तिकिटांची काळजी संपत नाही, एवढं तिकडच्या मित्रांनी लक्षात घ्यावं. हीटरने घरातली हवा इतकी सुकते की डिंकाचा थर आक्रसतो आणि तिकीट सुरळी होऊन बसतं. आपल्याकडे चिकटतं, इथे वळतं. ते वजनाखाली दाबून ठेवावं लागतं, आणि उलगडायची घाई केली तर घडी पडते.

तेव्हा ज्यांना माझ्यासाठी नवी तिकिटं घेऊन ठेवायचीत त्यांना विनंती : जून ते सप्टेंबर टपालाने कोरी पाठवू नका. कुणी येणार असेल तर पारदर्शक पाकिटात, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, सोबत सिलिका जेलची पुडी द्या. वापरलेली कधीही चालतील, पण पाकिटावरून ओढून काढू नका. भोवतीचा कागद ठेवून कात्रीने कापा, भिजवायचं काम मी इथे करेन.