मी गेलो, मी गेले आणि सात पट्ट्यांचा झेंडा

आधीच सांगतो, या पोस्टमध्ये कुठे 'गेलो' येईल कुठे 'गेले', ती टायपिंगची चूक नाहीये. मी बायजेंडर आहे, म्हणजे माझ्यात दोन जेंडर आहेत, बाई आणि पुरुष (काही जणांची दोन वेगळीच असतात), कधी दोन्ही एकदम तर कधी एक पुढे एक मागे. आणि मराठीत तोंड उघडलं की क्रियापदालाच आधी कळायला हवं असतं, तो का ती.

लहानपणी कोल्हापूरला आत्याकडे गेले की फार मोकळं वाटायचं, का ते खूप उशिरा लक्षात आलं. तिकडे बायकापण 'मी आलो', 'मी जेवलो' बोलतात ना. आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "मी मगाशीच जेवलो, तू बस." परळला परत येऊन शाळेत तसं बोलले की पोरं हसायची, मग ते बंद केलं.

तर झेंडा. बरेच जण विचारतात, तो इंद्रधनुष्याचा झेंडा आहेच की, समलिंगी, ट्रान्स, सगळ्यांचाच, मग बायजेंडरांचा हा वेगळा कशाला? तो गिल्बर्ट बेकरने १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केला, तेव्हा त्यात आठ रंग होते, आता सहा दिसतात, आणि तो मला माझा वाटतोच. ट्रान्स झेंडापण वाटतो (ट्रान्स म्हणजे जन्मताना लोकांनी ठरवलेल्यापेक्षा ज्यांचं जेंडर वेगळं असतं ते), मोनिका हेल्म्सने १९९९ मध्ये केलेला, फिकट निळा, गुलाबी, मधे पांढरा, परत गुलाबी, परत निळा. तो कसाही धरा, उलटा होतच नाही, तिने मुद्दाम तसा केलाय. पण बायजेंडर झेंड्यात गुलाबी आणि निळा एका कापडावर समोरासमोर आहेत. वरून गडद गुलाबी, फिकट गुलाबी, मग लव्हेंडर, पांढरा, लव्हेंडर, मग फिकट निळा आणि खाली गडद निळा. पहिल्यांदा फोनवर बघितला तेव्हा लोकलमध्ये होतो, दादर आलेलं कळलंच नाही. दुसरापण एक आहे, गुलाबी, पिवळा, पांढरा, जांभळा, निळा, त्यातला पिवळा बाई-पुरुष सोडून बाकीच्या जेंडरसाठी धरतात, ज्यांची दोन जेंडर वेगळी आहेत त्यांना तो जवळचा वाटतो. आणि एक चिन्ह असतं, एकाच गोलाला वर बाण आणि खाली अधिक. झेंड्यांच्या इमोजीत इंद्रधनुष्य आहे, २०२० पासून ट्रान्स झेंडा आहे, आमचा नाही.

इथे कोणीतरी म्हणतंच, अहो आपल्याकडे अर्धनारीनटेश्वर आहे की! आहे, आणि गेटवेवरून बोट पकडून मी तो घारापुरीला बघून आलेय, मोठ्या त्रिमुखी मूर्तीच्या बाजूलाच आहे. उजवं अंग नंदीवर रेललेलं, डावीकडे स्तन आणि वरच्या हातात आरसा. खूप वेळ उभी राहिले. मधे रेघ कुठेच नाही, कंबरेतलं वळण सगळ्या शरीराचं एकच आहे. लोक 'अर्धा-अर्धा' म्हणतात तेव्हा मला त्रास होतो तो याच्यामुळेच, मी अर्धा काहीच नाहीये, दोन्ही पूर्ण आहे.

मग ठरवलं झेंडा घरीच शिवायचा. दादरला स्टेशनबाहेर रिबिनीच्या दुकानात फोन दाखवून दाखवून दोन इंची सॅटिन घेतली, लव्हेंडर मिळेना, दुकानदार काका फिकट जांभळा काढतात आणि तो नुसता राखाडी दिसतो, शेवटी माळ्यावरून एक रीळ काढलं. सात पट्ट्या पाव-पाव इंच एकमेकांवर चढवून शिवल्या की उंची साडेबारा इंच भरते. सॅटिन भयंकर सरकतं. पहिल्या दोन शिवणी मी मारल्या, वाकड्या गेल्या, तेव्हा आई उठली, टाचण्या लावल्या आणि मशीनवर बसली. काही बोलली नाही. आम्ही या विषयावर वर्षभर फार बोललोच नव्हतो.

काठीसाठी कडेला दुमडून घर केलं तेव्हा तिने विचारलं, "वर कुठला येणार? वरचं तोंड शिवून टाकते, म्हणजे काठी निसटणार नाही."

मी म्हणालो, "दोन्ही तोंडं उघडी ठेव आई, कधी गुलाबी वर येईल, कधी निळा."

तिने चष्मा वर केला, थोडा वेळ झेंड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग दोन्हीकडे नाडी लावते, ज्या बाजूला पाहिजे तिकडे बांध."

नाडी तिच्या जुन्या परकराची आहे, पांढरी. ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या प्राइडला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मोर्चाला, तोच घेऊन जाणार. आत्ता दाराच्या मागे खिळ्याला आहे, निळा वर.