टोरंटोचा हिवाळा आणि गार पडलेला रेडिएटर: माझा अनुभव

पोरगं सप्टेंबरच्या सेमिस्टरला टोरंटोला निघालं की कोल्हापुरातले आईवडील मला हटकून विचारतात, स्वेटर किती द्यायचे, थर्मल किती? कपड्यांचं उत्तर चार ओळींत संपतं. खरा जीव काढते ती भाड्याच्या घरातली थंडी, आणि त्याबद्दल निघण्याआधी कुणी धड सांगत नाही. टोरंटोत मी ज्या भाड्याच्या इमारतीत राहिले तिच्या ऑफिसबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

शहराचा नियम स्पष्ट आहे. हीटिंग घरमालकाच्या हातात असेल तर थंडीच्या महिन्यांत घरात किमान 21 अंश तापमान ठेवणं त्याला बंधनकारक आहे. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत ज्या गावाचा स्वतःचा नियम नाही तिथं प्रांताचा चालतो: 1 सप्टेंबर ते 15 जून, किमान 20 अंश. मोजायचं कुठं हेही प्रांताच्या नियमात आहे, जमिनीपासून 1.5 मीटर उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून 1 मीटर आत. खिडकीत थर्मामीटर ठेवून काढलेला फोटो ऑफिसवाले लगेच उडवून लावतात. बाथरूममधलं खोबरेल थिजलंय, हाही पुरावा नाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच थिजतं, म्हणजे नियमात बसणाऱ्या घरातही ते घट्टच राहणार.

घोडं अडतं ते तक्रारीपाशी. घर गार पडतं पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान. बाहेर उणे 20, उत्तरेकडून वारा, आणि बऱ्याच इमारतींत बॉयलर रात्री कमी तापमानावर लावलेला. तक्रार पाहायला माणूस येतो दुपारी एकला. तेव्हा ऊन आलेलं असतं, रेडिएटर (गरम पाणी किंवा वाफेनं खोली तापवणारं भिंतीलगतचं यंत्र) कोमट असतो, तो माणूस हात लावतो, ‘ठीक आहे’ असं लिहितो आणि तक्रार बंद होते. पुन्हा केली की पुन्हा दुपारीच येतो. पडदे जाड लावा, दार उघडं ठेवू नका, असले सल्ले देऊन ते लोक अख्खा जानेवारी काढतात. तोंडी बोलून काहीही होत नाही, हे मी ठामपणे सांगते.

किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. रात्री झोपताना रीसेट करायचा, सकाळी किमान आकडा वाचायचा. वहीत तारीख, वेळ, खोली, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, आणि सोबत फोटो. मग रेडिएटर नीट तपासा आणि नेमकं काय दिसतं ते तक्रारीत लिहा. खाली गरम, वर गार असेल तर आत हवा अडकलीय. पाइप गरम आणि रेडिएटर पूर्ण गार असेल तर बहुधा व्हॉल्व्ह अडकलाय. असं लिहिलं की नुसत्या सुपरऐवजी, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाऐवजी, प्लंबर पाठवावा लागतो. सामायिक बॉयलर असेल तर हवा सोडायचा स्क्रू स्वतः फिरवू नका.

तक्रार ईमेलनं किंवा इमारतीच्या फॉर्मवर, प्रत स्वतःकडे. तीन किंवा अधिक मजले आणि दहा किंवा अधिक घरं असलेली इमारत शहराच्या रेंटसेफटीओ या भाड्याच्या इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या योजनेत येते. हीटिंग, पाणी, वीज यांच्या तक्रारीला मालकानं 24 तासांत, बाकीच्यांना 7 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. 24 तास गेले की शहराच्या 311 या तक्रार क्रमांकाला फोन करा, रिक्वेस्ट नंबर लिहून घ्या आणि घर पहाटे गार पडतं हे पहिल्याच वाक्यात सांगा. बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आपल्याला हे लागू नाही असं समजू नये. योजना मोठ्या इमारतींची असली तरी 21 अंशांचा नियम तिथंही आहे आणि 311 तिथलीही तक्रार घेतं.

भाडं मात्र थांबवू नका. ‘हीटिंग नाही तर भाडं नाही’ हे आपल्याला न्यायाचं वाटतं, पण मालक एन-4 नोटीस, म्हणजे भाडं थकवल्याबद्दल घर सोडायची नोटीस, देतो आणि आपणच थकबाकीदार ठरतो. भाड्यात सूट हवी असेल तर लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या प्रांताच्या मंडळाकडे, देखभालीच्या तक्रारीचा टी-6 अर्ज असतो. तापमानाची ती वही या अर्जालाही उपयोगी पडते. ‘ते घर सोड’ असं घरून फोनवर सांगणं सोपं आहे, पण करार संपतानाही 60 दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

तोवर 1,500 वॅटचा हीटर चालतो. 120 व्होल्टवर तो साडेबारा अँपिअर ओढतो आणि सर्किट बहुतेक 15 चं असतं. त्याच सर्किटवर किटली लावली की ब्रेकर पडणारच. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको, तो वितळतो. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवायची नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इथून इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड नेऊ नका, 230 व्होल्टची वस्तू तिथं जेमतेम चौथा हिस्सा ताकद देते. कुकर न्या. रेडिएटरसमोर पलंग लावू नका. खिडकीला प्लास्टिक फिल्म डबल टेपनं लावून हेअर ड्रायरनं ताणून घेतली की वारा बराच थांबतो.

रस्सा उकळताना एक्झॉस्ट लावाच. खिडक्या बंद असल्यानं वाफ काचेवर बसते, गोठते, वितळते आणि चौकटीला बुरशी धरते. चटणीच्या फोडणीनं स्मोक अलार्म वाजतो. तो काढून ठेवू नका, फोडणीचा गॅस बारीक करा.

आता कपडे. अंगाला लागून सुती नको, घामानं ओलं राहतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर घ्या. त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. जाकीट आणि बूट तिथंच घ्यावेत, बूट जाड मोज्यांसकट घालून पाहावेत. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे, जास्त गरम. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान, उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, त्यामुळे बसस्टॉपवर कान झाकलेले हवेतच. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते. बुटांवरचे मिठाचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाण्यानं निघतात.

आणि सही करण्याआधी करारात हीटिंग भाड्यात धरलंय का, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायचं बटण, कुणाच्या ताब्यात आहे, हे वाचून घ्या. सप्टेंबरात घर बघायला गेलं की बाहेर ऊन असतं आणि हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.