पाचव्या रात्रीची ८० मिली

नऊ महिन्यांचं बाळ, वजन ४.८ किलो, दंडाचा घेर १०.६ सेंटिमीटर. या वयात ११.५च्या खाली गेलं की तीव्र कुपोषण. दाखल करताना आई कौतुकानं म्हणाली, "हा कधी रडत नाही, सिस्टर. फार गुणी आहे." आमच्या वॉर्डात गुणी बाळाचीच धास्ती वाटते.

सुरुवातीला एफ-७५ हे उपचाराचं दूध, म्हणजे १०० मिलीत ७५ कॅलरी. पाजण्यापेक्षा हिशेब अवघड. वाटीत उरलेलं मोजायचं, ओकलेलं आणि दुपट्यावर सांडलेलं अंदाजानं वजा करायचं. दिलेल्याच्या ८० टक्केही पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी. काही जण उरलेलं न बघताच 'घेतलं' लिहून मोकळे होतात. त्यावरून माझी दोनदा भांडणं झालीत.

तिसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरांनी भूक वाढवायचं सिरप सुचवलं. माझा पाराच चढला. जठरातून निघणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक १९९९ साली सापडलं, ते अशा बाळांत बहुधा वाढलेलंच असतं. अंगावर चरबी नाही, म्हणून पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिनही कमी. रक्त बघितलं तर या पोरानं वॉर्ड डोक्यावर घ्यायला हवा. पण अंगात जंतुसंसर्ग असला की भूक मेंदूतच दबते. त्याचं भुकेचं औषध म्हणजे अँटिबायोटिक, आणि ते चालू होतं.

पाचव्या रात्री दोन वाजता त्यानं ८० मिली संपवलं, चमचा चाटला आणि भोकाड पसरलं. मीच आनंदानं आईला उठवलं.

सकाळी एफ-१०० सुरू झालं, पण तेवढंच, ८० मिली. ४८ तास थेंब जास्त नाही. पोर वाटी संपवून किंचाळायचं. आई भडकली, "चार दिवस पाजा पाजा म्हणून मागे लागलात, आता मागतोय तर मोजून देता?"

मी समजावलं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस पेशींत ओढलं जातं, हृदय बंद पडू शकतं.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रडत नव्हता, तेव्हाही उपाशीच होता?"

मी "हो" म्हटलं आणि वाटी धुवायला गेले.